नानांच्या गोळ्या आणि नायट्याची कॅप्सूल

"नमस्कार ताई. माझ्या सासऱ्यांबद्दल लिहिते आहे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय ६८, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. बाकीच्या बारीक वाहिन्यांत तसं काही करण्यासारखं नाही, गोळ्यांवर सांभाळू, असं डॉक्टर म्हणाले. गोल्फ क्लबच्या मैदानावर दोन फेऱ्या झाल्या की छातीत भरून येतं, बाकावर बसले की जातं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रॅनोलॅझिन ५०० सकाळ-संध्याकाळ वाढवून दिली. आधीच्या मेटोप्रोलॉल, ॲस्पिरिन, ॲटॉर्वास्टॅटिन, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि शुगरची मेटफॉर्मिन चालू आहेतच. नवी गोळी मोठी, म्हणून नाना ती खलबत्त्यात कुटून मधातून घेतात. छातीत भरलं की तीच एक जास्तीची घेतात. जिभेखालची सॉर्बिट्रेट खिशात असते, पण तिने डोकं ठणकतं म्हणून घेत नाहीत. सोमवारी आणि चतुर्थीला उपवास, त्या दिवशी सगळ्या गोळ्यांनाही सुट्टी. मांडीत नायटा झाला म्हणून मेडिकलमधून इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आणल्या, त्याला दहा दिवस झाले. आठवडाभर चक्कर आणि मळमळ आहे. नाना म्हणतात गॅस आहे, म्हणून गॅसची कॅप्सूलही सुरू केली. नातवाने मोबाइलवर वाचलं की या गोळीवर ग्रेपफ्रूट चालत नाही, तर ऐन हंगामात घरातली द्राक्षं बंद. आणि श्रावणात त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीची फेरी करणारच, असं आतापासून चाललंय. ते तुमचं सदर न चुकता वाचतात. त्यांना पटेल असं लिहा."
— एक सून, तिडके कॉलनी, नाशिक

ताई, तुमचं पत्र वाचल्यावर उत्तर छापून येण्याची वाट पाहिली नाही, पत्राखालच्या नंबरवर त्याच दुपारी फोन केला, हे बाकीच्या वाचकांना सांगून ठेवते. निरोप थोडक्यात होता. नायट्याची पुढची कॅप्सूल देऊ नका. नानांच्या हृदयाच्या डॉक्टरांना आत्ता फोन करून सांगा, की रॅनोलॅझिन आणि इट्राकोनॅझोल दहा दिवस एकत्र पोटात गेलंय आणि आठवडाभर चक्कर आहे. संध्याकाळची रॅनोलॅझिन द्यायची की नाही, ते त्यांच्या तोंडून ऐका. मधल्या वेळात भोवळ येऊन पडले किंवा छातीत धडधड झाली, तर १०८. डॉक्टरांनी त्याच दिवशी ईसीजीला बोलावून घेतलं, हे बरं झालं. ते जे सांगतील ते माझ्या लिहिण्याच्या वरचं. मी डॉक्टर नव्हे. हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीमागे आयुष्य गेलेली फार्मासिस्ट बाई आहे.

आणि नाना स्वतः वाचतात म्हणता, तर निम्मं मी त्यांच्याशीच बोलणार.

नाना, आधी त्या कॅप्सूलचं. रॅनोलॅझिन पोटात गेली की यकृतातलं आणि आतड्याच्या भिंतीतलं एक विकर (एन्झाइम) ती मोडून काढतं. दिवसाला ५००च्या दोन गोळ्या हा हिशेब ते मोडणं धरूनच केलेला आहे. इट्राकोनॅझोल नेमकं तेच विकर बंद पाडतं. मोरीचं तोंड बुजलेलं आणि नळ चालूच, अशी गत. इट्राकोनॅझोलच्याच जातीचं केटोकोनॅझोल सोबत देऊन मोजलं गेलं, तेव्हा रक्तातली रॅनोलॅझिन तिपटीहून वर गेली होती. म्हणजे तुम्ही गोळ्या दोनच घेत होतात, पण शरीराला त्या कितीतरी जास्त लागू पडत होत्या. वर छातीत भरलं की एक जास्तीची. चक्कर आणि मळमळ हे रॅनोलॅझिन जास्त झाल्याचं बोलणं आहे. गॅस बिचारा उगाच बदनाम झाला.

चक्करेपेक्षाही जी गोष्ट मला जास्त लागली, ती बाहेरून दिसत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी विजेच्या अंगाने पुन्हा तयार व्हावं लागतं. त्याला लागणारा वेळ ईसीजीवर मोजता येतो, डॉक्टर त्याला क्यूटी म्हणतात. रॅनोलॅझिन हा वेळ थोडा वाढवते, हे डॉक्टरांना माहीत असतं आणि गोळी देताना त्यांनी ते धरलेलं असतं. पण तो फार वाढला तर ठोके बेताल होतात, माणूस उभ्या उभ्या शुद्ध हरपून पडू शकतो. म्हणून ईसीजी. इट्राकोनॅझोल थांबवलं की संपलं, असंही नाही, ते शरीरातून पुरतं जायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस सांभाळून. गाडी चालवायची नाही, स्कूटरसुद्धा नाही, आणि अंथरुणातून एकदम उठायचं नाही.

तुम्ही विचाराल, मग नायट्याला काय करू? तेही सांगते, कारण इथेच माणूस दुसऱ्या खड्ड्यात जातो. मेडिकलवाला म्हणेल, ती कॅप्सूल नको तर टर्बिनाफिनची गोळी घ्या. टर्बिनाफिनचं रॅनोलॅझिनशी तितकं वाकडं नाही, पण ती तुमची मेटोप्रोलॉल मोडू देत नाही. मेटोप्रोलॉल साचली की नाडी फार मंद होते. फ्लुकोनॅझोल म्हणाल, तर तीही रॅनोलॅझिन वाढवते, जरा कमी एवढंच, आणि क्यूटीही लांबवते. म्हणजे मांडीतल्या नायट्यासाठी त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं, आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य म्हणायचं, 'मला हृदयाच्या या गोळ्या चालू आहेत.' बरेचदा नुसत्या मलमावर काम होतं. मलमही मात्र त्यांनीच लिहून दिलेलं. स्टिरॉइड मिसळलेली ती तीन-चार औषधांची मलमं नकोत, त्यांनी नायटा दबतो आणि महिन्याने दुप्पट होऊन वर येतो. नायट्याच्या या मलमांवर मी एक अख्खं सदर लिहू शकेन आणि लिहिणारही आहे.

दुकानाबद्दल राग आला असेल, सूनबाई. मलाही आला. इट्राकोनॅझोल चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही, पाकिटावर तांबडी रेघ असते ती त्यासाठीच. पण नानांनी तरी काउंटरवर काय सांगितलं असेल? 'नायटा झालाय, स्ट्राँग काहीतरी द्या.' हृदयाचं नाव काढलं नसणार. आपल्याकडे मांडीच्या दुखण्याचा आणि छातीच्या दुखण्याचा संबंध काय, असंच सगळ्यांना वाटतं.

रॅनोलॅझिनशी अजिबात न जमणारी आणखी काही नावं आहेत. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्यातलं. घशाला, छातीच्या कफाला ते देतात, आणि पोटातल्या अल्सरच्या जंतूंसाठी देतात त्या औषधांच्या संचातही ते असतं. यकृताचा सिरॉसिस असणाऱ्याला रॅनोलॅझिन द्यायचीच नसते. डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल, एरिथ्रोमायसिन यांच्याबरोबर ५०० दोनदा ही वरची मर्यादा, त्यापुढे नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं. उलट्या दिशेनेही गंमत आहे. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिट्सच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या गोळ्या ते विकर इतकं जोरात चालवतात की रॅनोलॅझिन लागूच पडत नाही. घरच्यांना वाटतं आजार वाढला, प्रत्यक्षात गोळी पोटात जाऊन वाया चाललेली असते.

गॅसची कॅप्सूल पाकिटावर नीट वाचा. पँटोप्राझोल एकटं असेल तर अडचण नाही, पण आपल्याकडे जी सर्रास विकली जाते तिच्यात डॉमपेरिडोन घातलेलं असतं. आणि डॉमपेरिडोनही तोच क्यूटी वाढवतं. एकाच रस्त्यावर तीन औषधं ढकलत होती, नाना! उलटीवर देतात ती ऑन्डान्सेट्रॉन, सर्दी-खोकल्यावर ज्याच्या त्याच्या घरात पडलेली ॲझिथ्रोमायसिन, यांचंही तेच आहे. जुलाब-उलट्या झाल्या की शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि हा धोका वाढतो, तेव्हा अशा दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. रोज जेष्ठमधाची कांडी चघळायची सवय असेल तर तीही सोडा, रोज बरंच पोटात गेलं की तेही पोटॅशियम खाली आणतं.

शिवाय छातीतल्या प्रत्येक अस्वस्थतेला 'गॅस' म्हणायची आपली जी पद्धत आहे, ती अँजायनावाल्याने, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत कळ येणाऱ्याने, तरी मोडावी. चालताना येतं आणि थांबलं की जातं, तो गॅस नव्हे.

आता खलबत्ता. रॅनोलॅझिनची गोळी मुद्दाम अशी बनवलेली असते की औषध बारा तास थोडं थोडं सुटावं. कुटली की बारा तासांचा माल एकदम रक्तात. तुम्ही सकाळी कुटलेली घेऊन तासाभराने चक्कर येते म्हणत असाल, तर त्याचं कारण वेगळं शोधायला नको. कुटायची नाही, तोडायची नाही, चावायची नाही. सबंध गिळायची. जेवणाआधी, जेवणानंतर, कशीही चालते. खुर्चीत ताठ बसून आधी दोन घोट पाणी, मग गोळी जिभेच्या मधोमध, मग मोठा घोट. तरी अडकतेच असं वाटलं तर डॉक्टरांना तसं सांगा, अँजायनाला दुसऱ्या गोळ्या आहेत. दीर्घकाळ सुटणारी मेटोप्रोलॉल मधल्या रेघेवर अर्धी करता येते, म्हणून सगळ्याच गोळ्या तशा, असं नसतं, आणि कुटायची तर तीही नाही.

एखादी रॅनोलॅझिन राहून गेली तर राहू द्यायची. पुढच्या वेळेला एकच घ्यायची, दोन नाही.

आता मुळातला घोटाळा. नाना, तुम्ही म्हणता 'हीच अँजायनाची गोळी', आणि तिथेच सगळं बिनसतं. तुमच्या पट्ट्यांपैकी काही गोळ्या कळ येऊ नये म्हणून आहेत आणि एकच गोळी आलेली कळ थांबवण्यासाठी आहे. रॅनोलॅझिन, मेटोप्रोलॉल, मोनोनायट्रेट या पहिल्या प्रकारच्या. त्या रोज, वेळेवर, छातीत काही होत असो वा नसो. कळ आल्यावर रॅनोलॅझिन घेऊन काही होत नाही, तिला चढायलाच तास लागतात. तुम्हाला बरं वाटायचं ते तुम्ही बाकावर बसलात म्हणून. ॲस्पिरिन आणि ॲटॉर्वास्टॅटिन तर कळीसाठी नाहीतच, त्या पुढचा झटका टाळण्यासाठी आहेत, आणि त्यांचा परिणाम तुम्हाला कधीच जाणवणार नाही. न जाणवणाऱ्या गोळ्याच आधी सोडल्या जातात, हा माझ्या खिडकीतला अनुभव.

कळ आली की सॉर्बिट्रेट. ती कशी घ्यायची ते घरातल्या सगळ्यांनी वाचा, नातवाने सुद्धा.

पाय थांबवायचे आणि बसायचं. उभ्याने घेतली तर बीपी उतरून पडायला होतं. डॉक्टरांनी लिहिलेली सॉर्बिट्रेट, बहुधा ५ मिलिग्रॅमची, जिभेखाली ठेवायची आणि विरघळू द्यायची, पाण्याबरोबर गिळायची नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत कळ उतरली नाही किंवा वाढत चालली, तर तिथेच १०८ला फोन. 'अजून जरा बघू' नाही, मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबणं नाही, आणि स्कूटरवर मागे बसवून हॉस्पिटल गाठणं तर मुळीच नाही. गाडी येईपर्यंत दुसरी गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना आजच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. साधारणपणे पाच-पाच मिनिटांनी जास्तीत जास्त तीन असं सांगतात, पण बीपी कमी असणाऱ्याला तसं सांगत नाहीत. पहिल्या गोळीने पूर्ण आराम पडला, तर थोडा वेळ बसून सावकाश घरी. त्या दिवशीचं फिरणं संपलं.

डोकं ठणकतं ते खरं आहे. या गोळीने रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयाच्या होतात तशा डोक्याच्याही. म्हणजे डोकं दुखणं हे गोळी लागू पडल्याचं चिन्ह आहे, बिघडल्याचं नाही. थोड्या वेळात उतरतं, नाही उतरलं तर पॅरासिटॅमॉल चालते. पण डोकेदुखीच्या भीतीने छातीची कळ अंगावर काढणं हा सौदा कुणी करू नये. पट्टी नेहमी अंगावरच्या खिशात ठेवायची, स्कूटरच्या डिकीत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात नाशिकमध्ये डिकी काय तापते, हात लावून पाहा. मागची मुदत वाचायची. आणि उशाशी एक वेगळी पट्टी.

मोनोनायट्रेटच्या वेळेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण माझ्या अनुभवात चिठ्ठीवर १-१-० (सकाळ-दुपार-रात्र) असलेली ही गोळी घरी येईपर्यंत १-०-१ होते, 'दुपारची लक्षात राहत नाही' म्हणून. तुमची चिठ्ठी काढून बघा. साधी मोनोनायट्रेट दिवसातून दोनदा असेल तर दोन गोळ्यांत साधारण सात तास ठेवतात, सकाळी आठ आणि दुपारी तीन, अशी. मग रात्रभर सुट्टी. ही सुट्टी मुद्दाम आहे. चोवीस तास नायट्रेट (मोनोनायट्रेट आणि सॉर्बिट्रेट दोन्ही त्याच जातीच्या) मिळत राहिलं की शरीर त्याला सरावतं आणि गोळी निकामी होते. हे ठळकपणे दिसलं ते स्फोटकांच्या कारखान्यात. डायनामाइट बनवणाऱ्या कामगारांच्या अंगात नायट्रोग्लिसरिन मुरायचं. सोमवारी कामावर आले की भयंकर डोकं दुखायचं, आठवडा सरेल तसं ते सरावायचे, रविवारी सराव उतरायचा आणि सोमवारी पुन्हा पहिले पाढे. तेच नायट्रोग्लिसरिन १८७९ मध्ये विल्यम मरेल या लंडनच्या डॉक्टरांनी अँजायनासाठी दिलं, आणि खुद्द आल्फ्रेड नोबेलना म्हातारपणी डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं होतं. असो. मुद्दा एवढाच, की दुपारची गोळी दुपारीच. दिवसातून एकदाची दीर्घकाळ सुटणारी असेल तर सकाळी.

उपवास. नाना, उपवास तुमचा, गोळ्यांचा नाही. मेटोप्रोलॉल एकदम बंद केली की इतके दिवस तिने आवरून धरलेलं हृदय उसळतं, नाडी धावते, कळ वाढते, आणि अशा बंद करण्यातून झटकाही येऊ शकतो. आठवड्यातून एक दिवस आणि वर चतुर्थी, म्हणजे तुम्ही महिन्यातून पाच-सहा वेळा हा खेळ करत होतात. बंद करायची झालीच तर डॉक्टर एक-दोन आठवडे उतरवत नेऊन बंद करतात. गोळी पाण्याबरोबर घेतल्याने उपवास मोडत असेल असं मला वाटत नाही, तुमच्या गुरुजींनाही विचारा, तेही हेच म्हणतील. शुगरच्या गोळीचं मात्र वेगळं आहे. उपवासाच्या दिवशी मेटफॉर्मिन किती आणि कधी, ते विचारून घ्या. साबुदाणा खिचडीने साखर वर जाते आणि नुसत्या पाण्यावर राहिलात तर खाली. साखर खाली गेल्याची धडधड मेटोप्रोलॉलमुळे कळत नाही, घाम तेवढा कळतो. तेव्हा उपवासाला अचानक घाम फुटला तर आधी साखर मोजा. पुढे कधी डॉक्टरांनी रॅनोलॅझिन १००० दोनदा केली, तर मेटफॉर्मिन दिवसाला १७०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नसते, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

द्राक्षं खा. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाच्या कुळातलं मोठं लिंबूवर्गी फळ, तेही त्या विकराच्या वाटेत येतं म्हणून नको, आणि पपनसही नको. पिंपळगावच्या द्राक्षाचा त्याच्याशी काही संबंध नाही. शुगर आहे म्हणून छोटी वाटीभर. नाशिकमध्ये राहून मार्च-एप्रिलात द्राक्षाविना बसवलेल्या माणसाबद्दल मला फार वाईट वाटलं.

अर्जुनारिष्टाचं कुणी सुचवलं असेलच, नसेल तर सुचवतील. घ्यायचं तर डॉक्टरांना सांगून, आणि या गोळ्यांऐवजी नाही. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःहून नको. ती हृदयाला आणि मूत्रपिंडाला वाईट, आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामात आडवी येते. बद्धकोष्ठ रॅनोलॅझिनने होतं, तेव्हा रात्री इसबगोल घ्या, गोळ्यांपासून तासा-दोन तासांचं अंतर ठेवून. अंग, मांड्या विनाकारण दुखायला लागल्या तर ॲटॉर्वास्टॅटिनचं नाव घेऊन डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट सुनेला विचारता येणार नाही आणि नाना सांगणार नाहीत, म्हणून मीच लिहिते, सगळ्या पुरुष वाचकांसाठी. लैंगिक ताकदीसाठी घेतात त्या सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या गोळ्या आणि नायट्रेट यांची गाठ पडली की बीपी जीवघेणं कोसळतं. रोज मोनोनायट्रेट घेणाऱ्याने त्या घ्यायच्याच नाहीत. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास जिभेखालची गोळीसुद्धा चालत नाही. 'आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत हीच औषधं गुपचूप घातलेली सापडली आहेत. छातीत दुखून हॉस्पिटलात गेलात तर लाज सोडून डॉक्टरांच्या कानात सांगा. त्यांना त्यात नवल वाटत नाही.

सूनबाई, तुमचं काम एका कागदाचं आहे. आज सगळ्या पट्ट्या टेबलावर ओता. प्रत्येकीवरचं कंपनीचं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव लिहा, किती मिलिग्रॅम, किती वाजता, आणि कशासाठी. 'कशासाठी'चा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तिथे अडलात तर डॉक्टरांना विचारून भरा. लिहिताना कदाचित एकच औषध दोन नावांनी सापडेल. हॉस्पिटलमधून घरी येताना एका कंपनीचं मिळतं, पुढे मेडिकलमधून दुसऱ्या, आणि माणूस दोन्ही घेत बसतो. या कागदाचा फोटो नानांच्या, तुमच्या आणि नातवाच्या फोनमध्ये. दाताच्या डॉक्टरकडे, नायट्याच्या डॉक्टरकडे, मेडिकलच्या काउंटरवर, सगळीकडे तो आधी पुढे करायचा, मग तोंड उघडायचं. कागद साधा वहीचा चालतो. त्या सात दिवसांच्या रंगीत डब्या दिसायला छान असतात, पण डबीत भरलेली गोळी कोणती हे रात्री दोन वाजता कुणालाही सांगता येत नाही, म्हणून पट्ट्याही जपून ठेवा.

त्याच कागदाच्या मागे कळ केव्हा आली आणि काय करताना, एवढं टिपत जा. नाना दोन फेऱ्यांनंतर थांबतात, हे ठरलेलं चालू आहे तोवर ठीक. एका फेरीतच भरायला लागलं, बसल्या जागी किंवा झोपेत आलं, आधीपेक्षा जास्त वेळ टिकलं, घाम आणि धाप सोबत आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. शुगर असलेल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप लागते किंवा गळून जायला होतं, तेही टिपा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा उतरला की पहाटे साडेपाचचं फिरणं बंद. ऊन आल्यावर, कानटोपी घालून, जेवणावर लगेच नाही.

आणि ब्रह्मगिरी. माझं मत विचाराल तर या श्रावणात फेरी नको. दोन फेऱ्या मैदानाच्या झाल्या की ज्याची छाती भरते, त्याने पावसात, निसरड्या चढणीवर, तिसऱ्या सोमवारच्या त्या गर्दीत रात्रभर चालावं, जिथे १०८ची गाडी लवकर पोचणार नाही, याला भक्ती म्हणायला मी तयार नाही. पण अंतिम शब्द डॉक्टरांचा. औषधं नीट चालू असताना दोन-तीन महिने कशी जातात ते पाहून त्यांना चालण्याची तपासणी करायला सांगा, आणि श्रमाच्या कामाआधी पंधरा मिनिटं सॉर्बिट्रेट ठेवावी का, तेही त्याच भेटीत विचारा. त्र्यंबकराजाला जायचं तर तिसरा सोमवार सोडून मधल्या एखाद्या वारी जा, कुशावर्तावर पाण्याचा शिडकावा पुरे, थंड पाण्यात बुडी नको. सोबत मुलगा, खिशात पट्टी, आणि सकाळच्या गोळ्या घेऊनच घरातून बाहेर पडा.